धंदा तुमचा, गिल्ट कुणाचं? बिझनेस चालवणाऱ्या बायकांसाठी स्त्रीवादी हीलिंगची सुरुवात

स्वतःचा बिझनेस चालवणाऱ्या बायका एकत्र बसल्या की आधी मार्केटिंग, टॅक्स, वेबसाइट असं सगळं बोलून होतं आणि मग हळूहळू खरं ते बाहेर यायला लागतं. रेट सांगताना आवाज बारीक होतो, क्लायंटला नाही म्हटलं की रात्रभर डोक्यात तेच घोळतं, महिना मंदा गेला की आपणच कुचकामी वाटायला लागतो आणि चांगला गेला तर ते नशीब. यावर जे सल्ले मिळतात ते सगळे एकाच छापाचे असतात, कॉन्फिडन्स वाढवा, पहाटे उठा, पॉझिटिव्ह राहा. म्हणजे बिघाड तुमच्यातच आहे असं आधीच ठरवून टाकलेलं आणि दुरुस्तीही तुम्हीच करायची, तीही सगळं काम उरकल्यावर उरलेल्या वेळात.

स्त्रीवादी पद्धत इथे वेगळा प्रश्न विचारते. हे जे वाटतंय ते कुठून आलं, कुणी शिकवलं, आणि ते तसंच राहिल्याने कुणाची सोय होते? आणि माझं ठाम मत असं आहे की धंदा करणाऱ्या बाईचं हीलिंग धंद्याच्या बाहेर, सुट्टी काढून वगैरे होत नाही. ते रेटमध्ये होतं, कामाच्या वेळांमध्ये होतं, कोटेशनच्या शेवटच्या ओळीत होतं. खाली ज्या पायऱ्या लिहितेय त्या याच क्रमाने करा, कारण पुढच्या पायऱ्यांना मागच्यांचा आधार लागतो. पण घाई नको, एकेका पायरीवर महिना गेला तरी चालेल.

पहिली पायरी: एक वही करा

साधी वही घ्या, फोन नको, कारण फोनवर तुम्ही नोंद लिहायला बसाल आणि वरून क्लायंटचा मेसेज टपकेल. दोन आठवडे रोज कामाच्या शेवटी पाच मिनिटं लिहायचं. काय झालं, त्या वेळी शरीरात काय झालं, आणि मनात कुठलं वाक्य आलं, एवढंच. उपाय नको, विश्लेषण नको, ‘मी असं करायला नको होतं’ हेही नको.

नोंद कशी असते ते सांगते. ‘सकाळी जुन्या क्लायंटचा फोन, ठरलेल्या कामात अजून एक छोटंसं घ्या म्हणाल्या. पोटात खड्डा पडला. हो म्हटलं. मनात आलं, एवढ्यासाठी पैसे मागितले तर त्यांना मी हावरट वाटेन.’ बस, झाली नोंद. यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग शेवटचं वाक्य आहे, ते जसंच्या तसं लिहा, सभ्य करून लिहू नका. तुम्हाला हे वाक्य कुणाच्या आवाजात ऐकू आलं ते आठवलं तर तेही लिहून ठेवा. आई, एखाद्या बाई, पूर्वीचा बॉस, कुणीही असेल.

दुसरी पायरी: वाक्यांचे तीन ढीग

दोन आठवड्यांनी वही उघडा आणि एकेक वाक्य घेऊन विचारा की हे यातलं नक्की काय आहे. पहिला ढीग म्हणजे खरंच मला एखादी गोष्ट येत नाही, उदाहरणार्थ हिशोब वाचता येत नाही, करार कसा लिहायचा माहीत नाही. दुसरा म्हणजे मला तसं वागायला शिकवलं गेलंय, बाईने पैशाचं बोलू नये, सगळ्यांना सांभाळून घ्यावं, आवाज चढवू नये. आणि तिसरा म्हणजे बाहेरची परिस्थितीच तशी आहे, मीटिंगमध्ये माझ्याऐवजी माझ्या पुरुष असिस्टंटकडे बघून बोललं जातं, कर्ज मागायला गेलं की ‘घरातलं कोण बघतं व्यवहार’ असं विचारलं जातं.

बहुतेकींच्या बाबतीत दिसतं असं की त्या तिन्ही ढिगांना एकच नाव देऊन बसलेल्या असतात, ‘माझ्यात कॉन्फिडन्स कमी आहे’. पण तिन्हीवरचा उपाय वेगळा आहे ना. पहिल्या ढिगासाठी कोर्स करा किंवा माणूस नेमा, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काहीच नाही. दुसऱ्यासाठी खालच्या पायऱ्या आहेत. आणि तिसऱ्यासाठी तुम्ही स्वतःवर कितीही काम केलंत तरी उपयोग नाही, तिथे नियम बदलावे लागतात आणि ते एकटीने बदलत नाहीत.

तिसरा ढीग काल्पनिक नाही हे लक्षात ठेवा. अमेरिकेसारख्या देशात १९८८ साली बिझनेस करणाऱ्या बायकांसाठी वेगळा कायदा आला, तोपर्यंत तिथल्या काही राज्यांत बाईला धंद्यासाठी कर्ज हवं तर घरातल्या पुरुषाची सही मागितली जायची. १९८८ म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. ज्या बाईला तेव्हा कर्ज नाकारलं गेलं ती घरी येऊन ‘मीच नीट बोलले नसेन’ असं म्हणत रडली असेल, आणि तिचं बोलणं कितीही सुधारलं असतं तरी ती सही काही टळली नसती.

इम्पोस्टर सिंड्रोमबद्दलही इथेच सांगते, कारण नवीन बायका हा शब्द स्वतःला आजार झाल्यासारखा लावून घेतात. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी १९७८ मध्ये यावर पहिल्यांदा लिहिलं. चांगली कामगिरी केलेल्या बायकांनाही आपण सगळ्यांना फसवतोय असं का वाटतं, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच लेखात त्यांनी घरातलं वातावरण आणि बाईकडून समाजाच्या असलेल्या अपेक्षा ही कारणं मांडली होती, आणि अशा बायकांनी गटात बसून बोलण्याचा फायदा होतो हेही लिहिलं होतं. पुढे हे सगळं गळून गेलं आणि ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ एवढंच शिल्लक राहिलं. याचा मला मनापासून राग येतो.

तिसरी पायरी: रेट

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त जखम इथेच असते आणि बरं होण्याची जागाही हीच.

तुमचे शेवटचे काही कोटेशनचे मेसेज उघडा आणि फक्त आकड्यानंतर काय लिहिलंय ते बघा. साधारण असं सापडेल: ‘या कामाची फी एवढी होईल, अर्थात तुमचं बजेट कमी असेल तर सांगा, आपण अॅडजस्ट करू, आणि पेमेंटची काही घाई नाही, सॉरी थोडं जास्त वाटत असेल तर.’ समोरच्याने अजून तोंडही उघडलेलं नाही आणि तुम्ही तीनदा माघार घेऊन मोकळ्या. ही माघार क्लायंटपासून वाचण्यासाठी नसते, ‘हावरट बाई’ या शिक्क्यापासून वाचण्यासाठी असते, जो शिक्का अजून कुणी मारलेलाच नाही.

आता तोच मेसेज परत लिहा. ‘या कामाची फी एवढी आहे. यात अमुक आणि तमुक येतं. काम सुरू करताना निम्मी रक्कम द्यायची असते. कोटेशन पंधरा दिवस लागू राहील.’ आणि इथे थांबायचं. पाठवायच्या आधी मोठ्याने वाचा. हात थरथरतील, शेवटी काहीतरी गोड जोडावंसं वाटेल, त्या जोडावंसं वाटण्याकडे नीट बघा आणि न जोडता पाठवा. मग फोन बाजूला ठेवून दुसरं काम घ्या. उत्तर येईपर्यंतची जी बेचैनी आहे ना, तीच सहन करायला शिकायचंय, बाकी सगळं त्यामानाने सोपं आहे.

समोरून ‘जास्त वाटतंय’ असं आलं तर काय? तर रेट कमी न करता काम कमी करा, या बजेटमध्ये एवढंच होईल असं सांगा. किंवा नाही म्हणा. आणि एखादीला खरंच परवडत नाहीये आणि तुम्हाला मनापासून करून द्यायचंय, तर जरूर करा, पण इन्व्हॉइसवर पूर्ण रेट लिहा आणि खाली सवलत म्हणून वेगळी ओळ टाका. म्हणजे तुमच्या कामाची किंमत कागदावर शाबूत राहते आणि सवलत ही तुमची निवड आहे हे दोघींनाही दिसतं. भीतीने दिलेली सवलत आणि मर्जीने दिलेली सवलत, हिशोबात दोन्ही सारख्याच दिसतात पण पहिलीनंतर चिडचिड उरते, दुसरीनंतर नाही. तुम्हाला फरक आतून लगेच कळेल.

रेट ठरवताना स्वतःचा पगार खर्चात धरा. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते. सामान, भाडं, मदतनीस, सगळ्यांचे पैसे धरतात आणि स्वतःला जे उरेल ते. घरकामाला मोल असतं ही मागणी १९७२ पासून वेगवेगळ्या देशांतल्या बायकांनी ‘वेजेस फॉर हाउसवर्क’ नावाने चळवळ म्हणून मांडली. धंद्यातही बाई स्वतःचं श्रम फुकट धरते ते त्याच सवयीने.

चौथी पायरी: न दिसणारं काम कागदावर आणा

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या एअर होस्टेसच्या कामाचा अभ्यास करून दाखवलं की हसतमुख राहणं, समोरच्याचा राग गिळणं, त्याला बरं वाटेल असं वागणं हेही श्रमच आहेत आणि त्याने माणूस थकतो. तुमचा बिझनेस कुठलाही असो, यातलं बरंच तुम्ही करता आणि मोजत नाही.

एक दिवस निवडा आणि त्या दिवशीचं असं प्रत्येक काम लिहा. रात्री दहाला आलेल्या काळजीच्या मेसेजला धीर देणारं उत्तर. उशिरा पैसे देणाऱ्याला तो दुखावू नये म्हणून चारदा बदलून लिहिलेला रिमाइंडर. दोन मदतनिसांच्या भांडणात मध्यस्थी. क्लायंटच्या घरगुती गोष्टी ऐकून घेणं. आणि दिवसभर डोक्याच्या मागे चालू असलेली घरची यादी, कुणाची औषधं, कुणाची परीक्षा, कुणाला फोन. यादी बघून बऱ्याच जणींना रडू येतं, येऊ दे.

मग यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे तीनपैकी एक लिहा, पैसे, नियम किंवा दुसऱ्याकडे. पैसे म्हणजे हे काम रेटमध्ये धरायचं. नियम म्हणजे अमुक वाजल्यानंतर मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी, पेमेंटचा रिमाइंडर ठरलेल्या तारखेला ठरलेल्या शब्दांत, त्यात दरवेळी नवं मन घालायचं नाही. दुसऱ्याकडे म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाने ते काम पूर्णपणे घ्यायचं, लक्षात ठेवण्यासकट, ‘सांगितलंस की करतो’ हे धरायचं नाही कारण सांगण्याचं काम परत तुमच्याकडेच येतं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे आणि घरात वाजणार, ते एका संभाषणात होत नाही. तुमच्या घरात असं बोलण्याने तुमच्या सुरक्षिततेलाच धोका असेल तर मात्र ही पायरी सोडा, आधी विश्वासाच्या माणसाशी किंवा हेल्पलाइनशी बोला.

पाचवी पायरी: एकटीने करू नका

१९६७ नंतर न्यूयॉर्क आणि अमेरिकेतल्या बाकी शहरांत बायकांचे छोटे छोटे गट घराघरांत बसायचे. एक प्रश्न घ्यायचा आणि गोलात प्रत्येकीने फक्त स्वतःच्या आयुष्यातून उत्तर द्यायचं. लोक हेटाळणी करायचे की ही कसली चळवळ, ही तर थेरपी. त्याला १९६९ मध्ये स्त्रीवादी कार्यकर्त्या कॅरल हॅनिश यांनी लेखातून उत्तर दिलं की या बैठकांमधून सुरुवातीलाच कळणाऱ्या गोष्टींपैकी एक हीच की ज्याला आम्ही आमचे खाजगी प्रश्न समजत होतो ते राजकीय प्रश्न आहेत. तो लेख पुढच्या वर्षी ‘द पर्सनल इज पोलिटिकल’ या नावाने छापला गेला. माझ्या मते ही पद्धत बिझनेस करणाऱ्या बायकांसाठी आजही सगळ्यात उपयोगी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

चार ते सहा जणी पुरे. शक्यतो एकमेकींच्या थेट स्पर्धक नकोत, म्हणजे आकडे मोकळेपणाने सांगता येतील. महिन्यातून एकदा किंवा दोनदा, दोन तास. एक प्रश्न आधी ठरवायचा, उदाहरणार्थ, पैसे मागायची पहिली वेळ कोणती आणि तेव्हा काय झालं? किंवा, तुम्ही शेवटचं नाही कुणाला म्हटलंत? प्रत्येकीला सारखा वेळ, मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. सल्ला न देणं धंदेवाल्या बायकांना फार जड जातं, आपल्याला लगेच उपाय सुचवायचा असतो, पण ‘तू असं कर’ म्हटलं की तो परत तिचा एकटीचा प्रॉब्लेम होऊन बसतो. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मग विचारायचं, यात सारखं काय होतं? आणि तिथे जे सापडतं ते थक्क करणारं असतं. वेगवेगळ्या धंद्यातल्या, वेगवेगळ्या वयाच्या बायका तेच वाक्य जवळपास त्याच शब्दांत घेऊन आलेल्या असतात. वर्षानुवर्षं आपल्या स्वभावातला दोष म्हणून जपलेली गोष्ट पाच जणींच्या तोंडून ऐकली की ती दोष वाटेनाशी होते, हे वाचून कळत नाही, बसावंच लागतं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. ‘आपण सगळ्या बायका सारख्याच’ असं म्हणून चालत नाही. अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये इंटरसेक्शनॅलिटी, म्हणजे एकाच बाईवर अनेक भेदभाव एकत्र येऊन पडतात ही कल्पना, मांडली ती तिथल्या एका कोर्ट केसवरही आधारलेली होती. कंपनी म्हणत होती आम्ही बायकांना नोकऱ्या देतो आणि कृष्णवर्णीयांनाही देतो, पण त्या बायका गोऱ्या होत्या आणि ते कृष्णवर्णीय पुरुष होते, कृष्णवर्णीय बाई दोन्हीकडून बाहेर. तुमच्या गटातही वर्ण, जात, वर्ग, अपंगत्व, एकटीने मूल वाढवणं, ट्रान्स असणं यामुळे एखादीला तेच पाऊल दुपटीने महाग पडत असेल. जिच्या मागे साठवलेले पैसे आहेत तिने दुसरीला ‘सरळ नाही म्हण’ असं सांगणं सोपं आहे. त्यामुळे गटात बोलताना कोणाला काय परवडतं हेही बोला.

सहावी पायरी: शरीर

थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं, ज्यात प्रचंड थकवा येतो, कामाबद्दल परकेपणा किंवा कडवटपणा येतो आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटत राहतं. तेव्हा एका दिवसाच्या आरामाने ते जाणार नाही, कामाची मांडणी बदलावी लागते. पाळीचे दिवस, मेनोपॉज, बाळंतपणानंतरचे महिने, जुनं दुखणं हे सगळं कॅलेंडरमध्ये आधी टाका आणि मग डेडलाइन द्या. तुम्ही मालकीण आहात, ही सोय करून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि थकवा खूप दिवस टिकला तर डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या, सगळंच मनाचं नसतं.

सातवी पायरी: तुमच्याकडे असलेली सत्ता

ही पायरी बरेच लेख गाळतात. तुमच्या हाताखाली कुणी काम करत असेल तर तिथे सत्ता तुमची आहे. क्लायंटने वेळेवर पैसे दिले नाहीत म्हणून तुम्ही मदतनिसाचे पैसे थांबवता का? तुम्ही रात्री अकराला मेसेज टाकता आणि ‘उद्या बघितलं तरी चालेल’ लिहिता, पण ती बघते का लगेच? आपलं दुखणं खाली ढकलून मिळालेल्या आरामाला मी हीलिंग म्हणणार नाही. तुमच्यासाठी जो नियम केलात, कामाच्या वेळेचा, जादा कामाच्या पैशांचा, तोच त्यांनाही लावा. धंदा छोटा असताना सगळं एकदम जमत नाही हे मान्य, तर एक नियम निवडा आणि तो लेखी द्या.

आठवी पायरी: स्वतःला स्वीकारणं, मंद्या महिन्यातसुद्धा

चांगल्या महिन्यात स्वतःवर प्रेम करणं कुणालाही जमतं. परीक्षा असते ऑर्डर रद्द झाली, वाईट रिव्ह्यू आला, किंवा दुकानच बंद करायची वेळ आली तेव्हा. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःवरच्या करुणेचे तीन भाग सांगितले, स्वतःशी मायेनं वागणं, हे फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही हे ओळखणं, आणि जे वाटतंय ते न दाबता, न फुगवता बघणं. मधला भाग विसरू नका, पाचव्या पायरीत गट सांगितला तो त्यासाठीच.

वाईट दिवशी वहीत दोन पानं करा. डावीकडे धंद्यात काय झालं ते आकड्यांत आणि तथ्यात: ऑर्डर गेली, इतकं नुकसान, कारण हे. उजवीकडे तुम्ही स्वतःला काय म्हणालात: मूर्ख, आधीच कळायला हवं होतं, लोक बरोबरच म्हणत होते. आता उजव्या पानावरचं एकेक वाक्य गटातल्या मैत्रिणीला तिच्या अशाच दिवशी म्हणाल का बघा. नाही म्हणणार, मग तिला काय म्हणाल ते खाली लिहा आणि तेच स्वतःला मोठ्याने वाचून दाखवा. सुरुवातीला खोटं वाटतं. तरी करा. डाव्या पानावरून मात्र शिका, क्लायंटने अॅडव्हान्स न देता काम सुरू करून घेतलं असेल तर पुढच्या करारात ती ओळ घाला. स्वतःला स्वीकारणं म्हणजे धंद्यातल्या चुकांकडे डोळेझाक असं अजिबात नाही, उलट स्वतःला झोडपणं थांबलं की चूक नीट दिसते.

थेरपिस्ट कधी आणि कसा निवडायचा

वही, गट, नियम हे सगळं करूनही झोप उडालेली असेल, भूक मेलेली असेल, जुना अत्याचार किंवा हिंसा सारखी वर येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर वाट बघू नका. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि तुमच्या भागातल्या आपत्कालीन हेल्पलाइनला फोन करा.

थेरपी स्त्रीवादी दृष्टीने करणारे लोक असतात, त्यात थेरपिस्ट वर आणि तुम्ही खाली अशी उतरंड शक्य तितकी कमी ठेवतात आणि तुमच्या त्रासात घर, पैसा, समाज यांचा वाटा किती हेही बघतात. पहिल्या भेटीत तुम्ही प्रश्न विचारू शकता, विचाराच. तुम्ही नेमकी कशी पद्धत वापरता? माझं घरचं काम आणि धंद्यातला ताण याकडे कसं बघता? मला तुमचं पटलं नाही तर ते कसं सांगायचं? फी किती, आणि कमी उत्पन्नासाठी वेगळे दर आहेत का? उत्तर देताना समोरची व्यक्ती चिडली, किंवा ‘धंदा जरा कमी करा म्हणजे बरं वाटेल’ असं पहिल्याच तासात म्हणाली, तर दुसरी शोधा. दोन-तीन जणांना भेटून मग ठरवलं तरी त्यात काही गैर नाही, आणि ज्यांच्याकडे जायचं नाही त्यांना दोन ओळींचा मेसेज पुरतो, कारणं देत बसायची गरज नाही.